वेशीपाशी आडवा ताणा

आई,

काल आपल्या गावच्या नगरपालिकेच्या दोन मुली इथं सावेडीत माझ्या घरी येऊन गेल्या. चहा पिऊन झाल्यावर म्हणाल्या, जुन्या वेशीपाशी 'वारसा वाट' करायची आहे, तिथं भिंतीवर गावातल्या जुन्या कारागिरांचे मोठमोठे फोटो लावायचे आहेत, आणि त्यात तुझा हवा. खाली लिहायचा मजकूरसुद्धा घेऊनच आल्या होत्या. 'घोंगडी विणण्याची परंपरा यांनी आयुष्यभर निष्ठेने जपली.' ते वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. परंपरा म्हणजे काय लोणचं आहे, बरणीत घालून जपायला? असं मी म्हणाले, जरा मोठ्यानंच म्हणाले, आणि पोरी बिचाऱ्या बिस्किट हातात धरून बसून राहिल्या. त्यांचा दोष नाही. ते सगळं घडलं तेव्हा त्यांच्या आयासुद्धा परकरात असतील, त्यांना कोण सांगणार? त्या गेल्यावर राग कुठं घालावा ते सुचेना, म्हणून तुला लिहायला बसले आहे. सत्तरी ओलांडली तरी डोकं शाबूत आहे माझं, हे तुला पोचणार नाही एवढं कळतं.

तो मोठा दुष्काळ तुला आठवत असेलच. वडील गेल्यावर घरचा माग तूच चालवत होतीस, आणि मी मॅट्रिक होऊन नगरपालिकेच्या शाळेत नुकतीच लागले होते. आळीत घरटी माग होता, पण ताणा लावायला जागा सगळ्यांना मिळून एकच, वेशीपासून तटाच्या कडेनं जाणारी लांब पट्टी. मागावर चढवायचे उभे धागे तिथं उन्हात ताणून धरायचे, त्यांना कुंच्यानं चिंचोक्याची खळ द्यायची आणि खडखडीत वाळू द्यायचे. एवढी सरळ, उन्हाची जागा आख्ख्या गावात दुसरी नव्हती. त्याच वर्षी नगरपालिकेनं गावाचं रूप पालटायचं ठरवलं. दुष्काळी कामाला माणसं मिळतच होती, तेव्हा पडकी वेस दुरुस्त करायची, तटाकडेनं बाग, बागेला लोखंडी कठडा, कोपऱ्यात सांस्कृतिक भवन. बाहेरची माणसं बघायला येतील, बाजार वाढेल, गाव पुन्हा उभं राहील. मला ते ऐकून छानच वाटलं होतं. जागा मोजायला माणसं आली ती मात्र नेमकी अमावस्येला. अमावस्येला आपल्या आळीत माग बंद, ताणा कुणीच लावत नसे. त्यांना तिथं दिसल्या दोन शेळ्या आणि रिकामी जमीन. त्यांनी नकाशावर लिहून टाकलं, पडीक जागा.

शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली तेव्हा तो नकाशा भिंतीवर टांगला होता. हिरव्या रंगानं बाग काढलेली, कारंजंसुद्धा काढलेलं, आणि बाहेर प्यायला पाणी नाही! तू मागच्या रांगेतून उठून उभी राहिलीस. अजून मला तो तुझा आवाज ऐकू येतो.

"आन् आमी ताना कुटं लावायचा?"

नगरपालिकेचे अध्यक्ष हसून म्हणाले, "मावशी, तुम्हाला तर आम्ही मानाची जागा देतोय. भवनात तुमचा माग मांडणार. तुम्ही नुसतं बसायचं, पाहुणे बघतील."

"ताना न्हाई तर मागावर बसून काय करू? उवा मारू?"

हॉल हसला. मी मात्र मान खाली घातली, कारण माझे हेडमास्तर शेजारी बसले होते. घरी जाताना तू मला वाटेतच धरलंस. "लाज वाटली व्हय गं? ज्या खळीचा वास मारतोय त्याच खळीवर शिकलीस तू." खरं सांगायचं तर तुझी लाज वाटलीच नव्हती मला, नोकरीची भीती वाटली होती. पण ते तेव्हा बोलता आलं नाही.

मग कठड्याचे खांब रोवायला सुरुवात झाली. तू रोज जाऊन भांडायचीस. एक दिवस तिथं खडी फोडणारी जामखेडकडची एक बाई उठून तुझ्यासमोर उभी राहिली. तिच्या हाताला चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. "आक्का, हे काम बंद पाडू नका. माझी दोन लेकरं हायती, याच्यावरच जगत्यात," म्हणाली. मला वाटलं, झालं, आता आईचं घोडं इथंच अडलं. तू खाली बसलीस, तिच्याकडची घमेल्यातली खडी उगाच चाळवत राहिलीस आणि शेवटी म्हणालीस, "तुजं काम बंद पडायला नगं. माजंबी पडायला नगं. रोवा खांब." घरी आलीस ती तोंडातल्या तोंडात हसत. मी किती विचारलं तरी काही सांगितलं नाहीस.

उद्घाटनाला मुंबईहून मोठे पाहुणे येणार होते. मी वर्गातल्या मुलींना घेऊन स्वागतगीतासाठी वेशीच्या आत उभी होते. सनई लागली, रांगोळी झाली, आणि तेवढ्यात तू, शेजारची काकू आणि आळीतल्या चौघीजणी ताणा घेऊन आलात. एक टोक वेशीच्या कडीला, दुसरं त्या नव्या कोऱ्या कठड्याच्या खांबाला. कमरेएवढ्या उंचीवर काळ्या लोकरीचा ताणा, बरोबर पाहुण्यांच्या वाटेवर आडवा. कुणी काही म्हणायच्या आत तुम्ही खळीची घमेली टेकवलीत आणि कुंचे फिरवायला लागलात. ओला ताणा गुंडाळला की धागे एकमेकांना चिकटून जातात, सगळी मेहनत मातीत. आता तो हलवायचा म्हणजे कापायचाच, आणि फोटोवाल्यांसमोर विळा हातात घ्यायची कुणाची छाती नव्हती.

अध्यक्ष तरातरा माझ्याकडे आले. "बाई, आईला सांगा तुमच्या. उद्यापासून शाळेत यायचंय ना?"

मी तुझ्याकडे बघितलं. तू माझ्याकडे बघत नव्हतीस, कुंचा फिरवत होतीस, पण पाठ अशी ताठ धरली होतीस की सगळं ऐकू येतंय हे मला कळलं. मी मुलींना दुसऱ्या बाईंच्या हवाली केलं, चपला काढल्या, नवं पातळ खोचलं आणि तुझ्या पलीकडच्या बाजूला जाऊन कुंचा हातात घेतला. तू एवढंच म्हणालीस, "वरून खाली मार. उलटा मारू नगंस."

पाहुणे आले. "हे काय?" त्यांनी विचारलं. "काम चाललंय सायेब. वाळल्याबगर हात लावता येत न्हाई," तू म्हणालीस. ते हसले आणि हारासकट वाकून ताण्याखालून गेले. मागून अध्यक्षांना वाकावं लागलं, आणि त्यांची पांढरीशुभ्र टोपी खळीला चिकटून तिथंच राहिली. पाहुण्यांचा वाकलेला फोटो पेपरात आला, खाली 'गावाची जिवंत संस्कृती'. मग काय, पालिकेनंच मोठ्या ऐटीत ताण्याला जागा म्हणून कठड्याचे मधले दोन भाग काढले आणि आमचीच कल्पना म्हणून मिरवलं. श्रेय त्यांनी घेतलं, जागा आपल्याला राहिली. मला गावाच्या पार दुसऱ्या टोकाच्या शाळेत टाकलं. रोज उन्हातून चालत गेले आणि एकदाही कुरकुरले नाही, तू साक्षीला होतीस.

पुढं माग बंद पडले ते पडलेच. लोकर महागली, पोरं साखर कारखान्यात लागली, स्वस्त ब्लँकेटं आली. तू गेलीस तेव्हा आळीत मोजके माग उरले होते, आता एकही नाही. पण ते आपोआप मेले, आई, कुणी नकाशावर पडीक लिहून मारले नाहीत. हा फरक मी कुणालाही पुसू देणार नाही. त्या मुलींना मी सांगितलंय, फोटो हवा तर खाली लिहा: 'हिने पाहुण्यांची वाट अडवली.' त्या म्हणाल्या, साहेब हे मान्य करणार नाहीत. म्हटलं, मग साहेबांना इकडं पाठवा, मी चहा करते.

हे पत्र घडी करून कपाटात ठेवेन, दुसरं काय करणार? एक मात्र तुला कधी सांगितलं नाही. मला घोंगडं आवडत नाही. लहानपणापासून टोचतं, वासही सहन होत नाही, घरात एकही ठेवलेलं नाही. त्या दिवशी कुंचा घेतला तेव्हा घोंगडी, संस्कृती, गाव, काहीसुद्धा माझ्या डोक्यात नव्हतं. तेवढ्या बायकांतही तू मला एकटी दिसलीस, म्हणून आले.