परतीचं पाकीट

लोरेन, ओहायो
४ मार्च २०१२

प्रिय बर्नी,

पाकिटावर माझं नाव बघून घाबरू नकोस. कुणी मेलेलं नाही. नाताळच्या कार्डावरच्या दोन ओळी सोडल्या तर बाबा गेल्यापासून, म्हणजे नऊ वर्षांत, मी तुला काही लिहिलं नाही, हे मला कळतं. मी बरा आहे. तू आणि जिम बरे असाल. जिमच्या गुडघ्याचं काय झालं?

तळ्यावरचा बर्फ यंदा लवकर फुटला. दुकानात बर्फाची फावडी मागे गेली आणि बियाणं, खुरपी पुढे आली. गल्ल्यावर बसणारी गेल अजून आहे आणि तिची जीभही होती तशीच आहे.

बातमी एकच. लॉयड टेसमरचं पाकीट आलं. कोण टेसमर म्हणून विचारू नकोस. ‘अकरा वर्षं बाकावर बसून पगार खाणारा’ हे नाव तूच त्याला ठेवलं होतंस. बेसबॉलमधला राखीव कॅचर होता, मान्य. पण आपल्या संघाचा होता. बाबा शुक्रवारी गोदीवरून येताना खेळाडूंच्या फोटोंच्या कार्डांची दोन पुडकी आणायचे, एक तुला, एक मला. आतला च्युइंगगम तुझा आणि कार्डं माझी, हा आपला बहीण-भावाचा करार. टेसमरच्या वेगवेगळ्या अडतीस कार्डांपैकी सदतीस माझ्याकडे आहेत. एक सापडत नाही. मी मेल्यावर तू हे सगळं कचऱ्यात टाकशील, तेही माहीत आहे.

दर जानेवारीत मी त्याचं एक जादा कार्ड त्याला पोस्टानं पाठवतो. सोबत परतीचं पाकीट, त्यावर तिकीट आणि माझ्या हातानं लिहिलेला माझाच पत्ता. या छंदात हा शिष्टाचार आहे. म्हाताऱ्या माणसानं सही करायची आणि पेटीत टाकायचं, बाकी त्याला तोशीस नको. १९८९ पासून एकही वर्ष चुकलं नाही, त्याचंही नाही आणि माझंही. यंदा चोविसावी सही. आणि पहिल्यांदाच त्यानं सहीसोबत चिठ्ठी पाठवली आहे! थट्टा केली आहे, बाकी काही नाही.

एक काम होतं. बाबांची ती मासेमारीची वही, कुठल्या दिवशी किती मासे लागले ते लिहायचे ती, तुझ्याकडे असेल ना? जरा चाळून बघशील का, त्यांचं अक्षर बारीक कधीपासून होत गेलं? आणि आजाराचं नाव कळलं ते नक्की कुठल्या साली? सहज विचारतोय. आमच्या एका गिऱ्हाइकाला हवं आहे.

जिमला नमस्कार सांग.

तुझा,
स्टॅश


लोरेन
२५ मार्च २०१२

प्रिय बर्नी,

तुझं पत्र मिळालं. चार ओळींचं पत्र, पण मी ते इतक्या वेळा वाचलं की पाठ झालं आहे. ‘वही आहे. अक्षर ९१ पासून बारीक होत गेलंय. आजार कळला ९६ला. तुझ्या गिऱ्हाइकाला सांग, पाच वर्षं. आणि गिऱ्हाइकांची एवढी काळजी तुला कधीपासून वाटायला लागली? घरच्यांची तर कधी वाटली नव्हती.’

गिऱ्हाईक वगैरे कुणी नाही. तुला ते वाचतानाच कळलं असणार. लहानपणीही माझी थाप तुझ्यासमोर दोन मिनिटं टिकत नसे.

टेसमरनं काय लिहिलं होतं ते मागच्या पत्रात मी गिळलं. आता लिहितो; त्याच्यासाठी मी पाकिटावरचा स्टॅन्लीच. ‘स्टॅन्ली, यंदा तुझा पत्ता वाचायला माझ्या बायकोला भिंग शोधावं लागलं. शाई महाग झाली की काय तिकडे? मोठं लिही गड्या, नाहीतर एखाद्या वर्षी कार्ड हरवेल.’

मी हसलो. मग त्या रविवारी दुपारी चोवीसच्या चोवीस सह्या काढून स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओळीनं मांडल्या. खरं सांगतो, भीती त्याच्यासाठी वाटली होती. म्हटलं, म्हातारा सत्तरीचा झाला, डोळे गेले असतील, हातही गेला असेल, आणि खापर माझ्या अक्षरावर फोडतोय. म्हणून त्याच्या सह्या एकेक करून तपासल्या. काही फरक नाही. टीची शेपटी ८९ साली जशी झोकात मारायचा तशीच आजही मारतो. मला इतकं बरं वाटलं की मी कॉफी टाकली.

मग सह्या परत पाकिटांत घालायला लागलो. मी पाकिटंही ठेवतो, सगळी. त्यांवर अक्षर माझं. पहिल्या पाकिटावर माझा पत्ता या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरलेला. २००० सालीही तसाच. २००७ सालीही. २००८च्या पाकिटावर तो थोडा आखडलेला. पुढच्या वर्षी आणखी. आणि यंदाच्यावर माझं नाव बरं आहे, रस्त्याचं नाव त्याहून लहान, आणि शेवटचं ‘ओहायो’ मोहरीएवढं. बर्नी, ते पाकीट लिहिताना मला वाटलं होतं की मी नेहमीसारखंच लिहितोय. हेच मला सगळ्यात भयंकर वाटलं. मी खुर्चीवर बसून राहिलो, आणि कॉफी उतू जाऊन शेगडी विझली तेव्हाच उठलो.

त्यानंतर मी स्वतःवर पाळत ठेवून आहे. मला सगळीकडे तेच दिसतं. लेंटचे उपवास सुरू व्हायच्या आधीच्या मंगळवारी समोरच्या बेकरीत पोंचकी, आपले ते गोड पोलिश गोळे, तळत होते. गेल म्हणाली, ‘काय वास सुटलाय रे, जीव जाईल!’ मला कसलाच वास आला नव्हता. सर्दी झाली असेल म्हटलं. सर्दी नव्हती. चालताना उजवा हात हलत नाही, लाकडाचा असल्यासारखा लोंबतो. किल्ली कापायच्या यंत्रावर दोन वेळा किल्ली वाया घालवली. बिलावरचं अक्षर बघून गेल म्हणते, ‘ही बिलं गिऱ्हाइकांना द्यायची की मुंग्यांना?’ सगळे हसतात. मीही हसतो. निदान मला तरी वाटतं की मी हसतो.

कारण गेल्या आठवड्यात तिनं मला मागच्या खोलीत गाठलं आणि म्हणाली, ‘स्टॅश, मी काही चुकीचं बोलले का? महिनाभर तोंड फुगवून बसलायस. रागावला असलास तर सांग, उगाच आतल्या आत नको ठेवू.’ मी म्हटलं, ‘अगं, मी कुठे रागावलोय? आत्ता तुझ्याच विनोदावर हसलो की!’ ती म्हणाली, ‘तू हसलास? कधी?’

मी न्हाणीघरात गेलो, कडी लावली आणि आरशासमोर उभा राहून हसलो. मला आतून कळत होतं की मी हसतोय. आरशातला माणूस हसत नव्हता. आरशात बाबा होते.

आता जे लिहितोय ते तुला चौदा वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं. ९८चा थँक्सगिव्हिंग. मी त्यांच्यासाठी टेसमरची सही असलेलं कार्ड आणलं होतं. त्यांच्या मांडीवर ठेवलं, म्हटलं, ‘बाबा, तुमच्यासाठी आणलंय.’ त्यांनी कार्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही, सुरकुतीसुद्धा हलली नाही. मला वाटलं, चिडलेत. महिना महिना तोंड दाखवत नाही आणि आता कागदाचा तुकडा घेऊन आलाय, असं म्हणतायत मनात. तू टर्की कापत होतीस. मी तुला म्हटलं, दुकानात मालाची मोजणी आहे, जावं लागेल. मोजणी नव्हती. हमरस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर गाडी लावून मी तासभर बसलो होतो. त्यानंतरच्या पाच वर्षांत मी तुझ्या घरी बाबांकडे तीनदा आलो, आणि तुझ्या एकटीच्या जिवावर सगळं टाकलं. त्यांना भरवणं, त्यांची कूस वळवणं, रात्रीची जागरणं, सगळं. मी स्वतःला सांगत राहिलो की त्यांना मी नको आहे. खरं तर मला त्या चेहऱ्याची भीती वाटायची.

बाबा हसत होते, बर्नी. त्या दिवशी ते माझ्याकडे बघून हसत होते आणि मी उठून निघून गेलो.

दफनाच्या दिवशी तू म्हणालीस, ‘पाहुण्यासारखा आलास, आता पाहुण्यासारखा जा.’ त्याचा मला फार राग आला होता. तू जेवढं बोललीस ते कमीच होतं.

मला भीती वाटते. पन्नाशी उलटलेल्या बाप्यानं असं लिहू नये, पण लिहितोय. सकाळी उठलो की आधी बोटं बघतो, थरथरतात का. अजून थरथरत नाहीत. मग वाटतं, काही नाही, उगाच भुई धोपटतोय. मग सदऱ्याची बटणं लावायला घेतो आणि तिसऱ्या बटणाशी अडतो. तुझं ‘पाच वर्षं’ वाचलं आणि बोटांवर हिशेब केला. माझं पाचवं लागलं आहे. बाबांच्या शेवटच्या दिवसांबद्दल मला काहीच ठाऊक नाही, कारण मी तिथे नव्हतो. सगळं तुला ठाऊक आहे. आणि ज्याला ते ठाऊक नसतं, त्याला रात्रंदिवस काय काय दिसत राहतं ते विचारू नकोस.

क्लीव्हलंडच्या एका मेंदूच्या डॉक्टरकडे २४ एप्रिलला सकाळी दहाची वेळ मिळाली आहे. कदाचित हे दुसरंच काही निघेल. बापाला कंपवात होता म्हणून मुलाला होतोच असं नाही, असं फोनवरची बाई म्हणाली. फार गोड बोलत होती. पण मी एकटा गेलो तर दारापर्यंतही पोचणार नाही. मी स्वतःला ओळखतो. वाटेत कुठला ना कुठला पेट्रोल पंप लागेलच.

तू येशील का? एरीहून तुला दीड तास पडेल. माझ्या शेजारी बसायचं, एवढंच. बोललं नाहीस तरी चालेल. शिव्या दिल्यास तरी चालेल. मी हसलो नाही तर मी चिडलोय असं समजू नकोस, एवढं मात्र सांभाळ.

सोबत एक कार्ड आहे. ओळखलंस का? ७१ सालचं, ज्याच्यावर तू निळ्या पेनानं टेसमरला मिशा काढल्या होत्यास आणि मी तुझ्या वेणीला लोंबकळून घर डोक्यावर घेतलं होतं. मिशा आहेत म्हणून हे त्याच्याकडे सहीला कधी पाठवलं नाही. आता तुझ्याकडे पाठवतोय. येणार असशील तर त्या मिशांखाली तुझी सही कर. येणार नसशील तर कोरंच परत पाठव, मी समजून घेईन. पण परत पाठव.

परतीचं पाकीट आत आहे, तिकीट लावलेलं. पत्ता मी माझ्याच हातानं लिहिला आहे. टेबलावर कोपर टेकवून, जमेल तेवढं मोठं अक्षर काढलंय, पहिलीतल्या पोरासारखं. बाबांची वही शेजारी उघडून ठेव आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत बघत जा. मला खरं सांगणारं दुसरं कुणी नाही.

तुझ्या सहीची वाट बघत,
तुझा भाऊ,
स्टॅश