कॅमेलियाचे ऑक्टोबरमधले फोटो

रविवार, १४ डिसेंबर २०२५

वीणाचं कॅमेलियाचं झाड जगण्याची शक्यता कमी आहे. नर्सरीवाल्या हरीशने आज सकाळी व्हरांड्यात उकिडवं बसून, माती चिमटीत चुरडून तसं सांगितलं. "सर, इसकी जड़ जल रही है." मग कुंडीच्या आतला पांढरा थर नखाने खरवडला. "इसमें चूना किसने डाला?"

मी. म्हणजे, मी घालू दिला.

दिवाळीच्या आधी आमच्या ब्लॉकमधल्या सगळ्या कुंड्यांना गेरू-चुना झाला. कॉलनीचा माळी दीनानाथ बादल्या घेऊन दारात आला. मला वीणाला फोटो पाठवायचा होता, कुंडी नीटनेटकी दिसेल म्हटलं. खाली गेरू, वर पांढरी पट्टी – परेडला निघाल्यासारखी! मी हौसेने चाळीस-एक फोटो काढले. तोवर दीनानाथने बादलीत उरलेला चुना मातीत ओतला. "कीड़े नहीं लगेंगे, बाबूजी." मी म्हणालो, "बिल्कुल."

रात्री वीणाचा शिलाँगहून नेहमीचा रविवारचा फोन. "फोटो पाठव रे." पाठवला. त्या चाळिसांतला.

मंगळवार, १६ डिसेंबर

वीणाचा कागद शोधून काढला. ड्रॉवरमध्ये, विजेच्या बिलांखाली. बदलीवर जाताना तिने झाडाबद्दल लिहून ठेवलेला. पहिली बाजू मला पाठ आहे: पाणी पावसाचं, ड्रममध्ये साठवलेलं, नळाचं नाही. उत्तरेच्या भिंतीशी ठेव, सकाळचं कोवळं ऊन पुरे. पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पूस. मे-जूनमध्ये घरात घे.

दुसऱ्या बाजूला चारच ओळी. शेवटची: "चुना आणि राख आसपाससुद्धा नको. हे झाड आंबट मातीतलं आहे. एवढं एक चुकलं तर बाकी सगळं फुकट."

मी पान उलटलंच नव्हतं. चौतीस वर्षं वृत्तसंस्थेच्या डेस्कवर काढली. आमच्याकडे महत्त्वाचं ते वर असतं. जागा कमी पडली तर खालून कापायचं. बायकोचं पत्रही तसंच वाचलं!

बुधवार, १७ डिसेंबर

वरची माती काढून टाकली. हरीशने दिलेलं औषध घातलं. माती आंबट व्हायला चिडाच्या, म्हणजे पाइनच्या, वाळक्या सुयांचा थर दे म्हणाला, म्हणून लोदी गार्डनमध्ये गेलो. वाकून पिशवी भरत होतो तर गार्ड आला. "अंकल, ये क्या ले जा रहे हो?" कचरा, म्हटलं. "कचरा ले जा रहे हो?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मीच पिशवी उघडून दाखवली. त्याने दोन मुठी आणखी घातल्या.

रविवार, २१ डिसेंबर

पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. कडा करपलेल्या. कळ्या सतरा होत्या, आता अकरा.

वीणाचा फोन. तिची दोन वर्षं मार्चअखेर संपतात. आणखी तीन वर्षं तिथे थांबायचं की दिल्लीला परत यायचं, हे तिने ३१ जानेवारीपर्यंत ऑफिसला लिहून द्यायचं आहे. आज मी विचारलंच – काय ठरवलंस?

"बघू. फूल आलं की सांग, मग ठरवते."

हसत म्हणाली. पण ती नुसतं हसायला काही बोलत नाही.

दुसरा फोटो पाठवला.

गुरुवार, २५ डिसेंबर

सुट्टी. धुकं. हवा इतकी वाईट की पानं सकाळी पुसली तरी संध्याकाळी फडकं काळं.

हे झाडही शिलाँगचंच. नऊ वर्षांपूर्वी वीणाची पहिल्यांदा तिकडे बदली झाली होती. तिथेच तिचं ऑपरेशन झालं, गर्भाशय काढलं. मी गेलो नाही. निवडणुकीचे निकाल होते, डेस्कवर माणसं नव्हती. रोज फोन करत होतो. तिने एकदाही "ये" म्हटलं नाही, आणि मी ते सोयीचं धरलं. परत आली तेव्हा हातात हे रोप, वीतभर. विमानात पूर्णवेळ मांडीवर धरून बसली होती. मी बॅग घेतली. रोप घ्यायला हात पुढे केला तर म्हणाली, "राहू दे. याला सवय नाही."

या वेळी जाताना मात्र कुंडीवर हात ठेवून म्हणाली, "एवढं एक बघशील?"

रविवार, २८ डिसेंबर

तिसरा फोटो. जुना फोटो छापताना खाली 'फाइल फोटो' असं लिहायचं असतं. नवीन मुलांना मी यावरून फाडून खायचो.

शुक्रवार, २ जानेवारी २०२६

ड्रममधलं पावसाचं पाणी संपलं. स्वयंपाकघरातल्या फिल्टरचं पाणी चालेल, हरीश म्हणतो. रोज दोन तांबे. मी स्वतः कधी इतक्या वेळेवर पाणी प्यायलो नसेन.

रविवार, ४ जानेवारी

तनया आली होती गुरुग्रामहून. व्हरांड्यात गेली आणि तिथूनच ओरडली.

"बाबा! हे काय?"

सांगितलं. चुन्याचं.

"पण आईने मला मागच्याच आठवड्यात फोटो फॉरवर्ड केला. एकदम फ्रेश होतं, यार!"

मी फडकं घेऊन पानं पुसू लागलो. माझी मुलगी एचआरमध्ये आहे, गप्प बसलेली माणसं तिला वाचता येतात.

"जुना फोटो पाठवलास? बाबा, तू? आम्हाला शाळेच्या निबंधात खोटं लिहू द्यायचा नाहीस! 'आमची सहल' लिहायचं होतं तेव्हा म्हणालास, गेलीच नाहीस तर लिहू नकोस. शून्य मिळालं मला."

"मार्चमध्ये पालवी फुटेल कदाचित."

"पालवी म्हणजे?"

"नवी पानं."

"अच्छा. आणि नाही फुटली तर?" मग स्वतःच चहा टाकला. निघताना बूट घालत म्हणाली, "मी आईला सांगणार नाही. तू सांग. थर्टीफर्स्ट जानेवारीच्या आधी."

चौथा फोटो गेला. ती गाडीत बसल्यावर.

गुरुवार, ८ जानेवारी

चार कळ्या.

रविवार, ११ जानेवारी

वीणा: "कळ्या तेवढ्याच कशा रे? आत्तापर्यंत फुगायला हव्या होत्या."

मी: "थंडी आहे फार."

"थंडी तर हवीच असते त्याला."

मी हवेबद्दल काहीतरी बोललो. प्रदूषणाबद्दल. आकडे दिले! तिने ऐकून घेतले. "ठीक आहे. पाणी जास्त होत नाही ना, बघ." मग म्हणाली, मागच्या रविवारचा फोटो छान आला होता, ऑफिसात सगळ्यांना दाखवला.

फोन ठेवल्यावर पाचवा पाठवला. मग बराच वेळ हात धूत राहिलो.

शुक्रवार, १६ जानेवारी

कुंडी बदलली. हरीश थंडीत नको म्हणत होता, मीच हट्ट धरला. मुळं बाहेर काढली तर काळी, मऊ. बोटाला लागताच साल निघून आली. हरीशने कात्रीने कापत कापत मूठभर ठेवली. "सर, मैडम को बता दीजिए." याला कोणी सांगितलं मॅडमबद्दल? मग आठवलं, दर भेटीत मीच बोलत असतो.

रविवार, १८ जानेवारी

आज सांगायचं ठरवून बसलो होतो. वाक्यंही लिहून काढली होती, तीन. तिने फोन उचलला तोच हसत – ऑफिसच्या कॅन्टीनवाल्याने तिच्याकडून शिकून पोहे केले, त्यात लसूण घातला! दहा मिनिटं हसत होती. किती दिवसांनी. मी कागद घडी करून खिशात ठेवला.

फोटो पाठवला. सहावा.

सोमवार, २६ जानेवारी

सकाळपासून आकाशात विमानांचा आवाज. काल रात्री सातवा फोटो पाठवला. उत्तरादाखल अंगठा नाही, काही नाही. निळ्या खुणा मात्र आल्या.

शेवटची कळी आज गळली. घट्ट होती अजून, हरभऱ्याएवढी. पाकळ्या उघडून पाहिल्या. आत तपकिरी.

बुधवार, २८ जानेवारी

झाड गेलं. हरीशने खोडावर नखाने रेघ ओढली. आत हिरवं नाही. आणखी खाली ओढली. तिथेही नाही. पार मातीपर्यंत गेला. "गया, सर." पैसे घेईना. जाताना म्हणाला, "दिल्ली में नौ साल किसी का नहीं चलता. मैडम ने चलाया था."

त्याने सांत्वन म्हणून म्हटलं असेल.

शुक्रवार, ३० जानेवारी

सांगितलं.

रविवारची वाट पाहिली नाही. संध्याकाळी सातला फोन केला. तिने लगेच विचारलं, "काय झालं? बरा आहेस ना?" कारण मी शुक्रवारी कधी फोन करत नाही.

चुना सांगितला. पान उलटलं नाही ते सांगितलं. मुळं, कळ्या, हरीश. सगळं क्रमाने, एकही गोष्ट न वगळता. मध्ये ती फक्त "हं" म्हणत होती. शेवटी फोटोंवर आलो.

"किती?"

"सात."

"सगळे दिवाळीतले?"

"हो."

पलीकडे कोणीतरी दार वाजवलं. ती त्याला हिंदीत म्हणाली, दो मिनट. मग मला, "अच्छा." आणखी काही बोलेल म्हणून थांबलो. तिने फोन ठेवला.

शनिवार, ३१ जानेवारी

तनयाचा मेसेज: "सांगितलंस?" हो, लिहिलं. तिने नुसता लाल बदाम पाठवला.

वीणाचा फोन नाही. दिवसभर व्हरांड्यात बसून होतो. दीनानाथ आला, कुंडी उचलू का विचारलं. नको म्हटलं. तो पायरीवर टेकला. "बाबूजी, मुझे क्या पता था." मी म्हणालो, तुला माहीत असायचं कारण नव्हतं. मला लिहून दिलं होतं. तो विडी ओढून गेला.

पाच वाजता तिचं ऑफिस सुटलं असेल. जे लिहून द्यायचं ते दिलं असेल.

रविवार, १ फेब्रुवारी

फोन नाही.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

वीणा परत येणार नाही. तीन वर्षं आणखी. तिने स्वतः दुपारी ऑफिसातून फोन करून सांगितलं. आवाज शांत. "झाडाचं नाही रे, झाडं मरतात. मी दर रविवारी तुझ्यावर विश्वास ठेवायला शिकत होते." शनिवारी ती सामान न्यायला येते आहे. गुवाहाटीहून येणारं विमान चार वीसला दिल्लीत उतरेल. घ्यायला येऊ नकोस, टॅक्सी करेन, म्हणाली.

तीन वाजल्यापासून मी विमानतळावर उभा असेन.