बाबांना ऐकू येतं

नागपूर
सोमवार, १३ नोव्हेंबर १९७८

तीर्थरूप दादास,

चारूचा नमस्कार. वहिनी आणि मुलं खुशाल असतील.

बाबा जिवंत आहेत आणि त्यांना सगळं ऐकू येतं. हे आज दुपारी डॉ. तांडेल यांनी पक्कं सांगितलं. त्यांना अर्धांग झालेलं नाही, मेंदूलाही काही झालेलं नाही. पोटात माशाचं विष गेलं आहे. त्याने अंगातली सगळी हालचाल थांबली, श्वाससुद्धा. पण आत ते जागे आहेत.

महादेवकाकांनी सकाळी तुला भिलाईला फोनवर जे सांगितलं, ते त्या वेळी आम्हा सगळ्यांनाच खरं वाटत होतं. त्या फोनबद्दल मी पुढे लिहिते. दुपारी मी पुन्हा ट्रंक कॉल लावला, पण लाईन मिळाली नाही. मिळाली असती तरी तुझ्या ऑफिसातल्या लोकांसमोर हे ओरडून सांगता आलं नसतं. म्हणून हे पत्र नत्थूजींच्या हाती देते आहे. बाबांच्या पार्सल ऑफिसातले, आता गार्ड झालेले. संध्याकाळच्या गाडीवर त्यांची ड्यूटी आहे. ते दुर्गला उतरून स्वतः तुझ्या घरी येतील.

आधी नीट सांगते, म्हणजे तुला कळेल. दोन वर्षांत तू आला नाहीस, त्यामुळे प्रेमिलाबाईची खोली तुला माहीत नाही.

नंदनवनात आपल्या घराच्या मागच्या ओळीत चंद्रभान आणि प्रेमिला राहतात. वैनगंगेकाठचे ढिवर, पिढीजात मासे धरणारे. पुढच्या खोलीत तीन टेबलं टाकून ते मासळीचं जेवण देतात. बाहेर पाटी नाही. काय मिळेल हेही ठरलेलं नसतं, नदीची मासळी आली तर नदीची, कलकत्त्याकडून बर्फात पेटी आली तर समुद्राची. पण त्या बाईचं डोकं असं चालतं की दर रविवारी काहीतरी नवीन. गळलेल्या कच्च्या संत्र्यांच्या रसात शिजवलेला मासा. पळसाच्या पानात बांधून निखाऱ्यावर ठेवलेला. कोथिंबिरीत झिंगे भरलेली सांबारवडी तर आता शंकरनगरातून लोक येऊन खातात. आई गेल्यावर बाबांचं जेवण तुटलं होतं, ते तिथे पुन्हा जुळलं. नवीन पदार्थ केला की पहिलं ताट बाबांना, असा तिथला रिवाज. बाबांनी मान हलवली की मग बाकीच्यांना. ते फार आनंदाने हे काम करत. नापसंत झालं तर म्हणत, "प्रेमिला, हे तू चंद्रभानलेच खाऊ घाल, त्याचं लग्न झालं आहे तुझ्याशी."

काल दुपारी आम्ही दोघं गेलो. कलकत्त्याच्या पेटीत एकच वेगळा मासा निघाला होता, गोल पोटाचा, काटेरी कातडीचा. विकायला पुरणार नाही म्हणून तिने बाबांसाठी ठेवला.

"याचं नाव काय वं?" बाबांनी विचारलं.

"मले नाही माहीत बाबूजी. पेटीतून फुकटच आला."

"बिना नावाचा जावई घरात घेतला तू?"

"जावई नाही, लेकुरवाळी आहे. पोटभर अंडी निघाली."

तुला माहीत आहे, आपल्याकडे नदीच्या माशाची अंडी म्हणजे घरातल्या मोठ्या माणसाचा मान. त्या अंड्यांचीच तिने सांबारवडी केली होती. मीठ पाहायला तिने जिभेवर थोडं घेतलं होतं. बाबांनी मला एक तुकडा तोडून दिला. बाकी सगळं त्यांनी खाल्लं, आणि मान दोनदा हलवली.

घरी येताना म्हणाले, ओठाला मुंग्या आल्यासारखं वाटतं, तिखट जास्त झालं असेल. माझेही ओठ जड झाले होते. मी बोलले नाही. मग त्यांच्या हातातून तांब्या पडला. मग जीभ वळेना. चंद्रभानने रिक्षा आणली. सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंत मान धरवत नव्हती, आणि वॉर्डात घेतल्यावर थोड्याच वेळात छाती हलायची थांबली. घशात नळी घालून डॉक्टरांनी तिला रबरी फुगा जोडला. श्वासाचं यंत्र दुसऱ्या रोग्याला लावलेलं आहे. म्हणून तो फुगा आम्हीच हाताने दाबतो. दाबला की छाती वर येते, सोडला की खाली जाते. थांबला तर संपलं. मी, चंद्रभान, प्रेमिला, बाबांच्या ऑफिसातली माणसं, बारी लावून दाबतो आहोत. बोटं वळत नाहीत, म्हणून अक्षर असं आलं आहे.

आज सकाळी मोठ्या डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारून पाहिली. बाहुली हलली नाही. आशा ठेवू नका, म्हणाले. काका तुला फोन करायला गेले. परत आले तेव्हा फुगा माझ्या हातात होता आणि प्रेमिला समोरच्या स्टुलावर होती.

दादा, तू काय म्हणालास ते तुला आठवत असेल. काकांना कमी ऐकू येतं, त्यामुळे ते मोठ्यानेच बोलतात. बाबांच्या उशाशी उभं राहून त्यांनी तुझे शब्द जसेच्या तसे सांगितले. जीव अडकवून ठेवू नका, मोकळं करा, आणि माझी वाट पाहू नका. मग मला म्हणाले, "काहून हात दुखवून राहिली पोरी? मोठ्या पोराची मर्जी आहे. सोड आता."

मी हात काढले.

किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. छाती खाली गेली आणि वर आली नाही. मी ती पाहत होते. रडतही नव्हते. मग प्रेमिलाने स्टुलावरून उठून माझ्या हाताखालून फुगा ओढून घेतला.

काका तिच्यावर धावून गेले. "तू कोण होते वं त्याची?"

"कोणी नाही," ती म्हणाली. "माझ्या हातचं खाल्लं त्यायनं. मी नाही सोडत. तुम्ही मले हाकलून द्या, मग सोडीन."

"जेवू घालून पोट नाही भरलं तुझं?"

ती दाबत राहिली. नंतर चंद्रभानला म्हणाली, "पाणी दे, कालपासून ओठ मेले आहेत माझे." शेजारच्या खाटेपाशी डॉ. तांडेल होत्या. शिकाऊ आहेत, रत्नागिरीकडच्या. त्या वळल्या आणि म्हणाल्या, "कोणाचे ओठ?" मग मीही सांगितलं की माझेसुद्धा. त्यांनी काय खाल्लं ते विचारलं. त्या माशाचं काटेरी कातडं प्रेमिलाने गिऱ्हाइकांना दाखवायला मीठ लावून खिडकीत वाळत घातलं होतं. चंद्रभानने ते आणलं. डॉ. तांडेल यांनी ते हातातही घेतलं नाही. "हा केंड आहे," म्हणाल्या. "आमच्याकडे जाळ्यात आला की परत फेकतात. पोरंसुद्धा शिवत नाहीत. अंडी सगळ्यात वाईट."

मी विचारलं, मग आता? त्या म्हणाल्या, विषावर औषध नाही, पण ते आपोआप उतरतं, तोवर श्वास चालू ठेवायचा. आणि मग आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "यांच्यासमोर जपून बोला. यात माणूस शेवटपर्यंत शुद्धीवर असू शकतो. हे सगळं ऐकतायत."

प्रेमिला तेव्हा पहिल्यांदा रडली.

त्यानंतर वॉर्डातलं सगळ्यांचं वागणं बदललं आहे. नर्स कूस वळवताना म्हणते, "बाबा, आता डावीकडे हं." नत्थूजी त्यांना आज कुठली गाडी किती लेट आहे ते सांगतात. काका खाटेजवळ येतच नाहीत, व्हरांड्यात उभे राहून माझ्याकडे खुणेने विचारतात. प्रेमिला फुगा दाबता दाबता माफी मागते आणि मध्येच म्हणते, "बाबूजी, वडी बिघडली होती असंच म्हणा ना एक डाव." मी मात्र काहीच बोलू शकले नाही. बाबांच्या डोळ्यांवर ओली पट्टी ठेवली आहे. मघाशी तिच्याखालून पाणी ओघळलं. डॉक्टर म्हणतात, त्याला अर्थ नाही, डोळे उघडे राहिले की पाणी येतंच. मी ते पुसलं आणि हात मागे घेतला.

तुला दोष द्यायला हे लिहीत नाही. तुला जे सांगितलं गेलं, त्यावर तू बोललास. तुझं आणि बाबांचं भांडण नसतं तरी कदाचित तेच बोलला असतास. पण त्यांनी तुझे शब्द ऐकले आहेत, आणि त्या शब्दांनंतर त्यांना श्वास मिळाला नाही, हेही त्यांना कळलं आहे. ते हात माझे होते, हेही. माझ्या बांगड्यांचा आवाज ते ओळखतात.

म्हणून ये. नत्थूजी पोचतील त्यानंतर तुला नागपूरची गाडी आहे, ती सकाळी इथे लागते. आल्यावर माफी वगैरे मागू नकोस. त्यांच्या कानाशी बस आणि कोणत्या गाडीने आलास, जागा मिळाली का, धाकटा शाळेत जातो का, असलं काही बोल. त्यांच्या कानात तुझे शेवटचे शब्द ते राहू नयेत, एवढंच.

उद्या सकाळी डॉ. तांडेल फुगा काढायला सांगणार आहेत. नुसतं थांबायचं आणि छातीकडे पाहायचं. वर आली तर विष उतरलं. नाही आली तर पुन्हा जोडायचा आणि आणखी वाट पाहायची. पण असं किती वेळा करता येईल, ते त्यांनी सांगितलं नाही. त्या वेळी फुगा माझ्याच हातात हवा, असं मी त्यांना सांगितलं आहे. छाती वर येणार नाही याची मला भीती वाटते. आणि ती वर आली, पट्टी काढली आणि त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, तर त्याचीही तेवढीच.

नत्थूजी दारात उभे आहेत. प्रेमिलाबाईचे हात भरून आले आहेत, आता माझी बारी आहे.

तुझी,
हात धुऊन बसायला निघालेली
चारू