त्या दुधात काय होतं, आई?

प्रिय आई,

तू गेलीस तेव्हा रडायचं तेवढं रडले. आज भांडायला बसलेय. समोर असतीस तर तोंडावरच विचारलं असतं!

आपल्या धाकट्या सुमीला दिवस गेलेत. आरामाला माझ्याकडे आलीय. काल गारगोटीची मावशी तिला भेटायला आली आणि पिशवीतून पुडी काढली. "खोंड झालेल्या गाईच्या दुधातनं पाज. पोरगाच हुतोय." मी नको म्हटलं, तर हसली. "अगं, तुला तुझ्या आईनंच पाजलंतं की!"

मग आठवलं गं. अंशू पोटात होती, दुसराच महिना, मी माहेरी आले होते. सकाळी उपाशीपोटी, उगवतीकडं तोंड करून तू मला पेला प्यायला लावायचीस. "ताकद येती, गपगुमान पी." कडू लागलं म्हणून तोंड वाकडं केलं, तर वर गूळ दिलास. किती मायेनं फसवलंस!

अंशू जन्मली ती पाठीवर गाठ घेऊन. कण्यातच व्यंग, पायांत जीव नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, सुरुवातीला काही औषध घेतलं होतं का? मी ठाम नाही म्हटलं. तू शेजारीच होतीस. पदर सारखा करत राहिलीस.

आणि ते ग्रहण! मी ग्रहणात भाजी चिरली म्हणून पोर अशी झाली, असं सासूबाई गल्लीभर सांगत सुटल्या. तेव्हा तूसुद्धा विचारलंस, "खरंच चिरलीस व्हय गं?" सगळं माहीत असून? मी किती वर्षं माझ्याच हातांना दोष देत बसले, दिसलं नाही तुला?

तुझी भीती कळते मला. माझी पहिली मुलगीच, दुसरीही झाली तर मला नांदवणार नाहीत. पण सांगितलं असतंस तर मी प्याले नसते. म्हणूनच सांगितलं नाहीस ना?

आज सकाळी डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या पुडीनंच झालं, असं त्याही छातीठोकपणे म्हणत नाहीत. होऊ शकतं, म्हणाल्या. तू अंशूचे पाय तासन्‌तास तेलानं चोळायचीस. मला वाटायचं, केवढा जीव हिचा नातीवर! आता त्यावरही विश्वास बसेना झालाय.

पुडी मी मोरीत ओतली. मावशी तणतणत गेली. पण ती दुसऱ्या घरी जाणारच.

पुढच्या महिन्यात तुझं वर्षश्राद्ध. भावकीतल्या सगळ्या लेकीसुना येतील. तुझ्या फोटोला हार घालीन आणि अंशूला मांडीवर घेऊन सगळ्यांना सांगेन, माझ्या आईनं मला काय पाजलं ते. तुझं नाव घेऊन सांगेन. तू बदनाम होशील, आई. मला रडू येईल, पण मी गप्प बसणार नाही.

तुझीच थोरली,
मंदा