तापातला चहा

अट-बाशी, शुक्रवार

प्रिय जिबेक,

तुझ्या सासूला फ्लू झाला होता, हे वाचून हसायचं तर खुशाल हस. अडीच दिवस झोपून होते, पोरी! चूल नाही की दूध काढणं नाही. तुझ्या सासऱ्यांनी चहात दोनदा मीठ टाकलं आणि वर मलाच विचारलं, "तुझ्या तोंडाची चव गेली का गं?"

हाडं ठणकत होती, चार गोधड्यांतही हुडहुडी भरत होती. दवाखान्यातली नर्स सबीरा आली. मी म्हटलं, "ताप उतरव आणि ही झोप घालव, कामं पडलीयत." ती माझ्यावरच डाफरली. "अपा, ताप काही बाहेरून येत नाही. विषाणू घुसला की शरीर आपणच आतली शेगडी वाढवतं. उष्णतेत त्याला वाढायला जड जातं, आणि त्याच्याशी लढणाऱ्या पेशींना जोर येतो. त्या पेशीच मेंदूला निरोप धाडतात, हिला आडवी करा, ताकद इकडे हवीय. ताप फार चढला तर गोळी देईन. तोवर पाणी प्या आणि झोपा. हे झोपणंही कामच आहे."

मी तोंड भिंतीकडे फिरवलं, तर तूच आठवलीस.

नवरोजला, नव्या वर्षाच्या दिवशी, आपल्याकडे चौदा पाहुणे होते. तू सकाळपासून डुलत होतीस, डोळे लाल. मी नुसता तुझा हात धरला असता तरी ताप कळला असता. पाहुण्याचा प्याला अर्धाच भरायचा, काठोकाठ भरला म्हणजे 'आता निघा', हे तुला मीच शिकवलेलं. आणि तू झोपेच्या गुंगीत माझ्या थोरल्या नणंदेचा प्याला काठोकाठ भरलास. तिचं तोंड उतरलं. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "सून आणली का गादीवरची मांजर? उभ्याउभ्या झोपते!" तू शेवटच्या पाहुण्यापर्यंत चहा ओतलास आणि दुसऱ्या दिवशी माहेरी गेलीस. आठवडाभर तापाने फणफणलीयस, असा तुझ्या आईचा निरोप आला. मी म्हटलं, नखरे.

चुकलं माझं. उलान रशियातून फोनवर तुझी चौकशी करतो, तेव्हा 'बायको तुझी आराम करतेय' म्हणून वेळ मारून नेते. पोटच्या पोराला खरं सांगायची लाज वाटते.

रविवारी तुझ्या आईच्या दारात येतेय. मला चहा तूच ओत. काठोकाठ भरलास तर एक शब्द न बोलता पिऊन उठेन आणि घरी जाईन. अर्धा भरलास तर बसेन, तू पुन्हा ओतशील म्हणून.

तुझीच,
अपा