दिवाळसणाची सुई

बाबा,

अमरावतीच्या राजापेठेतला तुमचा दवाखाना आता नाही. तिथे चपलांचं दुकान आहे, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. मागच्या आठवड्यात मी तिथूनच चपला घेतल्या. जिथे तुमची खुर्ची असायची तिथे आरसा लावलाय, पाय कसे दिसतात ते बघायला.

पुढच्या खोलीत दवाखाना, मधे पडदा, मागे आईचं स्वयंपाकघर. सुई उकळायचं पाणी आईच्या चुलीवरून पडद्यातून पुढे जायचं. पडद्यापलीकडचं दिसायचं नाही, पण ऐकू सगळं यायचं. मी मॅट्रिकला होते तेव्हाची गोष्ट. कापूस बाजारातला एक हमाल आला होता. पेनिसिलीन निघाल्यापासून असे पुष्कळ येत, खालच्या आवाजात बोलत. तुम्ही मात्र आवाज खाली करत नव्हता. "बायकोले घेऊन ये. तिले सुई देल्याशिवाय तुले देत नाही." तो म्हणाला, "तिले काई झालं नाही साहेब, दुखणं मले हाय." तुम्ही म्हणालात, "परमा बाहेरच्या बाईकडून आनलेला रोग, तो एकट्याचा नसते. बाईले समजत बी नाही, आन् आतून सडते. मंग लेकरू होत नाही, आन् तुमीच तिले वांझ म्हनून मारता. जाय, आन तिले." दुपारी तो खरंच बायकोला घेऊन आला. जेवताना मी विचारलं, परमा म्हणजे काय. तुम्ही उलट्या हाताने माझ्या तोंडावर मारलंत. आई भात वाढत राहिली. मला मार लागला त्यापेक्षा तुमचा अभिमान जास्त वाटला, हे तुम्हाला तेव्हा कळलं नसेल. जो माणूस परक्या हमालाच्या बायकोसाठी भांडतो, त्याची मी मुलगी होते.

दोन वर्षांनी तुम्ही मला अकोल्याला दिलंत. सरकीचा मोठा व्यापार, एकुलता मुलगा, घरात सासू आणि सासरे. धाकटी बहीण तेव्हा अजून शाळेत होती. पहिल्या दिवाळीला जावईबुवा सणाला आले. पाडव्याच्या सकाळी मी स्वयंपाकघरात चिरोटे लाटतेय आणि तुम्ही पडद्यातून हाक मारता, "पाणी उकळलं का गं?" सणाच्या दिवशी कोण पेशंट आलाय म्हणून मी बघायला येते, तर तुम्ही पातेलं माझ्या हातून पडद्यातूनच घेता. "आत जा." थोड्या वेळाने नवरा बाहेरून फिरून आल्यासारखा आला, पाटावर बसला, पण नीट बसता येत नव्हतं त्याला. आईने त्याला ओवाळलं. तुम्ही त्याच्या ताटात आग्रहाने चिरोटा वाढलात. माझ्याकडे पाहिलं नाहीत.

भाऊबीज झाली आणि तुम्ही मला त्याच्याबरोबर अकोल्याच्या गाडीत बसवून दिलंत. उन्हाळ्याच्या आत माझं पोट दुखायला लागलं. ताप इतका की सासूने माझी खाट मागच्या पडवीत टाकली. तुम्ही आलात, पोट दाबून पाहिलंत, मी किंचाळले तेव्हा तुमचा चेहरा पांढरा झाला होता. सासूला म्हणालात, आतड्याला सूज आहे. मग रोज सुई. मी बरी झाले. बरी झाले असं सगळे म्हणाले.

मूल झालं नाही. आईने मला उपास धरायला लावले, चिखलदऱ्याच्या वाटेवरच्या कुठल्या देवीला नेलं, तिथे पायऱ्यांवर लोटांगण घालायला लावलं. तुम्ही टांगा ठरवून द्यायचात. सासू मला कुणाच्या बारशाला जाऊ देत नसे. नवरा कधी वाईट बोलला नाही. तो गप्प बसायचा, आणि मी त्या गप्प बसण्याला माया समजत होते.

मग काही वर्षांनी अकोल्याच्या घरी बैठक बसली. तुम्हाला अमरावतीहून बोलावलं होतं. मी दाराआड उभी. सासू म्हणाली, "डॉक्टरसाहेब, आमी अडाणी मानसं. खोट कोनात हाय ते तुमीच सांगा. तुमच्या तोंडून आलं का मानू आमी." सगळे तुमच्याकडे बघत होते. नवरा आपली नखं बघत होता. तुम्ही चष्मा काढलात, धोतराच्या सोग्याने पुसलात आणि म्हणालात, "दोष मुलीचाच आहे. तिची प्रकृतीच तशी." तुमच्या दवाखान्यातल्या आवाजात म्हणालात. कुणाला शंका राहू नये असा आवाज.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेटी भरत होते. नवरा बुटाची नाडी बांधत होता. म्हणाला, "तुह्या बापावर रागावू नको. देवमानूस हाय तो. दिवाळीले त्यायनं मले सुई देल्ली, कोनाले कळू देल्लं नाही. दुसरा सासरा असता तर गावभर केलं असतं." तो उपकार मानत होता, बाबा. त्याला वाटत होतं, मला बरं वाटेल. नाडी बांधून तो दुकानावर गेला. मी पेटीपाशी बसून राहिले आणि तो हमाल, त्याची बायको, उकळतं पाणी, सगळं एकामागोमाग एक जुळत गेलं.

अमरावतीला पोचले तेव्हा दवाखाना पेशंटांनी भरला होता. मी पडदा सारून आत आले आणि सगळ्यांसमोर विचारलं, "मला का नाही दिली?" तुम्ही पेशंटांना बाहेर काढलंत. मग म्हणालात, "तुला दिली असती तर तुला कळलं असतं. तू गप्प बसणारी नव्हतीस. धाकटीची सोयरीक त्यांच्याच नात्यात करायची होती." "आणि मी?" "वाटलं, तुला लागलं नसेल. नव्याने लग्न झालेलं." पुढे म्हणालात, "तुझं एक वाया गेलं, पण धाकटीचं आणि आपलं, अशी दोन घरं राहिली." आई पडद्यापाशी उभी होती. ती म्हणाली, "हळू बोल, शेजारी ऐकतील."

मी म्हटलं, एकदाच अकोल्याला चला आणि त्याच बैठकीत खरं सांगा. तुम्ही म्हणालात, धाकटीचं लग्न होऊ दे. मग म्हणालात, तिचं बाळंतपण होऊ दे. तेही झालं, मुलगा झाला, तुम्ही पेढे वाटलेत. अकोल्याची फारकत तोवर होऊन गेली होती. मी शाळेत नोकरी धरली आणि तुमच्याच घरात राहिले. दुसरीकडे राहता आलं असतं. पण रोज संध्याकाळी तुमच्यासमोर पान मांडून जेवायला बसायचं मी ठरवलं होतं. मी तुमच्याशी बोलत नव्हते. तुम्ही "मीठ दे" म्हणायचात, मी द्यायची. शेवटच्या आजारात तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "काहीतरी बोल ना बाई." मी उशी सारखी केली आणि बाहेर आले. मला त्याचा पस्तावा नाही. असं मी इतकी वर्षं तपासून पाहिलंय.

तुमच्या तेराव्याला तो आला होता. दुसरी बायको, कडेवर मुलगी. लोकांना सांगत होता, "डॉक्टरसायबाचीच कृपा, नाहीतर आमचं काई खरं नव्हतं." लोकांना वाटलं, जुनं नातं मानणारा मोठ्या मनाचा माणूस. माझ्यासमोर आल्यावर त्याची मान खाली गेली. त्याच्या बायकोला यातलं काही माहीत नव्हतं. तिला पंक्तीत बसायचं होतं, म्हणून तिने मुलगी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "बगता का थोडं?"

हे तुम्हाला पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवलं नसतं, कारण वाचून तुम्हाला बरं वाटलं असतं. फक्त एक सांगायचं राहिलंय, कुणालाच सांगितलं नाही. ती मुलगी झोपली. पंक्ती उठल्या, तिची आई घ्यायला आली, आणि मी म्हटलं, "राहू द्या अजून थोडी."