मागच्या सीटवर ब्लँकेटं

आर. के. पुरम, नवी दिल्ली
मंगळवार, ११ जानेवारी २०००

ती. प्रभाताईंना स्वानंदीचा वाकून नमस्कार.

घडलेलं आधी क्रमाने लिहिते, म्हणजे पत्र अर्धवट टाकून तुम्हाला फोनकडे धावावं लागणार नाही.

१. रविवारी, ९ तारखेला, अंशुमन आणि मी मोटारसायकलवरून पानिपतला गेलो. चालवत मी होते.
२. तुम्ही सांगितलेली चार डबल ब्लँकेटं घेतली.
३. परतताना मुरथलच्या ढाब्यावर जेवलो.
४. ढाब्यावरून मी निघाले. अंशुमन निघाला नाही.
५. हे मला अकरा किलोमीटरनंतर कळलं.
६. कोणालाही खरचटलंसुद्धा नाही. ब्लँकेटंही चारच्या चार आहेत.

आता रीतीप्रमाणे. तुमची तब्येत कशी आहे? सुधाकररावांचा गुडघा थंडीत त्रास देत असेल. भक्तीची दहावीची तयारी जोरात चालू असेल. आम्ही दोघं मजेत आहोत. इथे सकाळी दहापर्यंत धुकं असतं आणि क्वार्टरच्या गिझरला सरकारी वेळ लागतो, बाकी तक्रार नाही. अंशुमनने रविवार संध्याकाळपासून तुम्हाला तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा फक्त 'बरी आहेस ना?' एवढंच विचारून ठेवला, त्याने तुम्ही चक्रावून गेला असाल. ते का, हे सांगण्यासाठीच हे पत्र आहे. फोनवर सांगता आलं असतं, पण मला बोलण्यापेक्षा लिहिणं बरं जमतं, हे तुम्ही लग्नात पाहिलंच आहे.

गाडीबद्दल अंशुमनने तुम्हाला कळवलेलं नसणार. दिल्ली कॅन्टोन्मेंटमधले सुभेदार मारुतराव (साताऱ्याकडचे, गणेशोत्सवात ओळख झाली) निवृत्त होऊन २५ तारखेला गावी निघाले आहेत. अकरा वर्षं स्वतःच्या हाताने निगा राखलेली आपली साडेतीनशे सीसीची बुलेट त्यांनी मला महिनाभर वापरून बघायला दिली आहे. ठेवायची असेल तर २४ तारखेपर्यंत हो म्हणायचं, नाहीतर ती त्यांच्याबरोबर रेल्वेत चढणार. माझा कारखाना फरिदाबादला. चार्टर्ड बस सकाळी सहा पन्नासला येते, निम्म्या दिल्लीला वळसा घालते आणि मला रोज दोन तास दहा मिनिटं जास्त लागतात. हे कारण मी अंशुमनला दिलं. दुसरं कारण, ती गाडी मला फार आवडते, हे दिलं नाही. तुम्हाला सांगते आहे.

अंशुमनने कधी 'नको' म्हटलं नाही. तो 'बघू' म्हणाला. (त्याच्या मंत्रालयात 'बघू' म्हटलेली फाईल, बघणारा निवृत्त होईपर्यंत बघितली जाते.) रोज मी निघताना तो गॅलरीत उभा राही आणि पोचल्यावर ऑफिसात फोन करायला लावी. मी घसरेन याची त्याला धास्ती आहे, अशी माझी समजूत झाली, आणि धास्ती म्हणजे अपुरी माहिती, असं मला शिकवलं गेलं आहे. आमच्या कारखान्यात ब्रेकचे भाग बनतात. नवीन भाग बनवण्याआधी आम्ही एक तक्ता करतो: यात काय काय बिघडू शकतं, बिघडलं तर किती गंभीर, किती वेळा घडेल, घडलं तर लगेच कळेल का, आणि शेवटच्या रकान्यात उपाय. मी दोन शनिवार बसून गाडीचा असा तक्ता केला. एक्केचाळीस ओळी झाल्या. मला वाटलं, उपाय वाचून तो निश्चिंत होईल. तो उपायांपर्यंत पोचलाच नाही. मोटारसायकलवर माणसाचं काय काय होऊ शकतं याचे एक्केचाळीस प्रकार त्याला पहिल्याच रकान्यात मिळाले, त्यातले छत्तीस त्याला आधी सुचलेलेही नव्हते. तक्ता त्याने चार दिवसांनी परत केला. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात शेरे होते. सतराव्या ओळीसमोर, 'मागे बसलेली व्यक्ती पडणे', 'कृपया चर्चा करावी' असं लिहिलं होतं. तिथे मी 'लगेच कळेल' याला सर्वांत खात्रीचा गुण दिला होता. तो गुण मी आता बदलला आहे.

तेवढ्यात तुमचं ब्लँकेटांचं पत्र आलं. (दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाने पानिपतला जाऊन ब्लँकेटं आणायचीच असतात, हे मला लग्नानंतर समजलं. पुण्यातल्या लोकांना किती थंडी वाजते, हा प्रश्न मी विचारला नव्हता आणि आताही विचारत नाही.) अंशुमन अचानक म्हणाला, ताईचं काम आहे, तर जाऊ तुझ्या गाडीवरून, आल्यावर हो की नाही ते सांगतो. इतक्या सहज कसा तयार झाला, याचं मला आश्चर्य वाटायला हवं होतं. मी टायरमधली हवा तपासत होते.

दोघांनीही हेल्मेट घातलं. (बायकांना दिल्लीत हेल्मेटची सक्ती नाही. आमच्या डोक्याविषयी कायद्याचं मत काय आहे, ते यावरून कळतं.) हेल्मेटात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून खूण ठरवली: मागच्याने नीट बसल्यावर माझ्या खांद्यावर दोनदा थाप मारायची, मग मी निघायचं. जाताना ही पद्धत सात वेळा वापरली आणि सातही वेळा बिनचूक चालली.

परतताना मुरथलला पराठे खाल्ले. ब्लँकेटांची दोरी सैल झाली होती. ढाब्याचे मालक, सहा फुटी सरदारजी, मदतीला आले आणि त्यांनी गठ्ठा मागच्या कॅरियरवरून काढून सीटवरच उभा बांधला, माझ्या पाठीला टेकवून. मागे अंशुमनपुरती जागा ठेवली होती. मी गाडीवर बसले, हेल्मेट घातलं, किक मारली. अंशुमन बडीशेप आणायला काउंटरवर गेला होता. सरदारजींनी शेवटची गाठ मारली आणि 'हो गया, बेटा' या अर्थी माझ्या खांद्यावर थाप मारली. दोनदा. मी निघाले. थाप कोणाच्या हाताची असावी, हे आमच्या पद्धतीत लिहिलेलं नव्हतं. चूक माझी आहे.

बासष्ट किलो वजन कमी झालेलं कसं कळलं नाही, असं तुम्ही विचाराल. कळलं. गाडी एकदम मोकळी पळायला लागली. थंड हवेत प्राणवायू दाट असतो, इंजिन चांगलं ओढतं, असा मी त्याचा अर्थ लावला. पाठीला ऊब होती. आरशात मागचा रस्ता दिसतो, मागची सीट दिसत नाही. रस्ता मोकळा होता, वेग पंचावन्न होता, म्हणून मी हेल्मेटची काच वर केली आणि मोठ्याने बोलायला लागले. ताकदवान गाडी वेगासाठी नसते, वेळेवर बाजूला होण्यासाठी असते, हे मी समजावलं. ब्रेक लावल्यावर गाडी किती अंतरात थांबते ते ओल्या आणि कोरड्या रस्त्यासाठी वेगवेगळं सांगितलं. अंशुमनने एकदाही मधे तोंड घातलं नाही. लग्नाला नऊ महिने झाले, पण माझं म्हणणं त्याने इतक्या शांतपणे कधी ऐकून घेतलं नव्हतं. त्या भरात मी त्याला आणखीही एकदोन गोष्टी सांगितल्या, ज्या मी सहसा सांगत नाही. त्या इथे लिहीत नाही.

राईच्या अलीकडे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. मी त्यांच्यामागे हळू झाले. मागे हरियाणाची एक बस हेडलाइट मारत होती. मी नियमाप्रमाणे तिला तीनदा बाजू दिली, तिन्ही वेळा ती पुढे गेली नाही. बेशिस्त ड्रायव्हर, असं मी अंशुमनला (म्हणजे ब्लँकेटांना) म्हणाले. मग बस शेजारी आली, कंडक्टर दारात लोंबकळत शिट्टी फुंकायला लागला आणि डाव्या बाजूच्या सगळ्या खिडक्यांतून माणसं बाहेर आली. पगडीवाले एक आजोबा ओरडले, 'ए छोरी! सामान तो ले आई, माणस छोड़ आई!' मी मागे हात नेला. हाताला लोकर लागली.

त्यानंतरचे काही सेकंद मी कशी गाडी चालवली, ते मला सांगता येणार नाही. तो कुठे पडला असेल एवढंच डोक्यात होतं. गाडी बाजूला घेतली, स्टँडवर लावायला दोन प्रयत्न लागले. तेवढ्यात बसमधून अंशुमन उतरला. डोक्यावर हेल्मेट तसंच, हातात बडीशेपेची पुडी. बसमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी त्याला दोन्ही हातांनी चाचपून पाहिलं. (रस्त्यावर, बसभर लोकांसमोर. पुन्हा होणार नाही.)

तो रागावलाच नव्हता. म्हणाला, 'तू नेहमी अशी चालवतेस?'

'अशी म्हणजे?'

'म्हणजे हात दाखवून, आरशात बघत, ट्रॅक्टरमागे गुमान थांबून. ड्रायव्हर म्हणाला, मैडम तो हमसे अच्छा चलाती है. मी कधी पाहिलंच नाही गं. मी तर सकाळपासून डोळे मिटून बसलो होतो.'

मी म्हणाले, मग आता भीती गेली ना? तो म्हणाला, 'तुझ्या चालवण्याची गेली. ताईची नाही.'

आणि तिथे, उसाच्या चोयट्यांत उभं राहून, त्याने मला नाशिकची गोष्ट सांगितली. पंधरा वर्षांचा असताना शेजारच्या शंकरच्या मोटारसायकलवरून पडून त्याचा हात मोडला. आई नव्हत्या. तुम्ही त्याचा प्लास्टर नसलेला हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून शपथ घ्यायला लावलीत: मोटारसायकलवर बसणार नाही, मोटारसायकल चालवणार नाही. शपथ मोडली तर जिच्या डोक्यावर हात ठेवला तिला काहीतरी होतं, असं तो पंधरा वर्षं धरून बसला आहे. पानिपतला जाताना त्याने मनाशी ठरवलं होतं, की काम ताईचंच आहे, तेव्हा शपथ तेवढ्यापुरती स्थगित. पण उरलेल्या वाटेवर बसने न जाता माझ्या मागे बसायचं त्याने राजीखुशीने ठरवलं, डोळे उघडे ठेवून बसला, आणि घरी पोचताच तुम्हाला फोन करायला एसटीडी बूथवर धावला.

म्हणजे मी एक्केचाळीस ओळी लिहिल्या, पण त्याला स्वतःची काळजी नव्हती आणि माझीही अर्धीच होती. बाकी सगळी तुमची होती. मला हे समजल्यावर फार बरं वाटलं. नवरा भित्रा आहे असं मी धरून चालले होते, ते मागे घेते. तुम्ही तिन्ही फोनांवर 'ठणठणीत आहे, तुला झालंय काय?' असं म्हणालात, त्यानेही घरात पुष्कळ सुटल्यासारखं वाटतं आहे.

सुधाकररावांना नमस्कार, भक्तीला आशीर्वाद. ब्लँकेटं पुढच्या आठवड्यात पार्सलने येतील. एकाला थोडा डिझेलचा वास आहे, उन्हात टाकावं.

तुमची
स्वानंदी

ता. क. शपथ जिने घातली तिनेच 'सुटली' म्हणावं लागतं, असं अंशुमन म्हणतो. फोनवर म्हटलेलं त्याला चालणार नाही, तोंडी आदेशावर तो ऑफिसातही काम करत नाही. तेव्हा तुमच्या हस्ताक्षरात, सहीनिशी, साध्या पोस्टकार्डावर चालेल.

ता. क. २. हे पत्र अंशुमनने वाचलेलं नाही. कालपासून तो संध्याकाळी गाडीजवळ जाऊन उभा राहतो. आज कातडी हातमोजे घेऊन आला आणि गिअर कुठे असतो ते विचारलं. बारा वर्षं तो स्कूटर चालवतो आहे, तिचा ब्रेक उजव्या पायाखाली असतो. या गाडीचा उजव्या पायाखाली गिअर आहे. घाईच्या क्षणी त्याचा पाय कुठे जाईल, हे मी तीनदा मांडून पाहिलं. तिन्ही वेळा मला पाणी प्यावं लागलं. तरी, ताई, शपथ फक्त बसण्यापुरती सोडावी. चालवण्याची कृपा करून तशीच राहू द्यावी, आणि हे मी सुचवलं असं कार्डावर लिहू नये.

उत्तर शनिवार, २२ जानेवारीपर्यंत पोचेल असं पाठवावं.